साकड्यांच्या पेटीला तीन कुलपं

माझ्या सुनेच्या औषधाच्या गोळ्या मी तिला न विचारता उचलल्या आणि दत्ताच्या देवळातल्या पेटीत टाकून आलो. त्या पेटीला तीन कुलपं होती, आणि ती तीनच असावीत हा हट्टही माझाच होता. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे मी शहाण्यासारखा वागलो असं वाटू लागलं तर वाचणाऱ्याने वेळीच सावध व्हावं.

रायपूरला एका सरकारी खात्यात माझी सगळी नोकरी स्टोअरकीपर म्हणून झाली. समोरचा माणूस जे मागतो आहे ते त्याला खरंच हवं आहे का, अशी शंका घेण्याचाच मला पगार मिळत असे. निवृत्त झालो, पगाराचं पेन्शन झालं, पण शंका पूर्ण पगारावर कामाला राहिली. दूधवाल्याच्या मापापासून सुरुवात करून मी हळूहळू देवाच्या दारापर्यंत पोचलो. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एक लहानसं दत्ताचं देऊळ आहे. भोसल्यांच्या वेळेपासून इकडे राहिलेली आम्ही काही मराठी घरं ते सांभाळतो. तिथे एक जुनी रीत आहे. ज्याला देवाला काही सांगायचं असेल तो ते कागदावर लिहितो आणि पेटीत टाकतो. याला आम्ही साकडं म्हणतो. ते कोणी वाचायचं नाही. दत्तजयंती झाली की सगळे कागद राजिमला नेऊन महानदीत सोडायचे, झालं.

दोन वर्षांपूर्वी मी देवळाचं काम बघणाऱ्या वसंतरावांना पेटीजवळ उभं राहून एक कागद सरळ करताना पाहिलं. माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली. पुढच्या सभेत मी उठून म्हणालो की भक्तांची साकडी वाचली जात आहेत. तो कागद फुलांच्या पुडीचा होता हे नंतर समजलं, पण तोवर मी गोल बाजारातून तीन कोयंड्यांची नवी लोखंडी पेटी घेऊन आलो होतो. एक चावी माझ्याकडे, एक वसंतरावांकडे, एक देवळात नेहमी येणाऱ्या मधुभाऊंकडे. तिघं हजर असल्याशिवाय पेटी उघडणार नाही. वसंतराव त्या दिवसापासून माझ्याशी बोलेनासे झाले. माझ्या मते हा त्यांच्या अपराधाचा आणखी एक पुरावा होता.

आता सुनेकडे येतो. प्रीती धमतरीची, छत्तीसगढी घरची. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत देते. कॉलेजात शिकवण्याची परीक्षा ती पास झाली होती आणि अंबिकापूरला नेमणूक होणार अशी बातमी आली होती. त्याच सुमारास तिला दिवस गेल्याचं समजलं. बायको म्हणाली, "तीन महिने होईपर्यंत कोणाजवळ बोलू नका जी." मी दुसऱ्याच दिवशी देवळात पेढे वाटले. आनंद पोटात मावत नाही हे कारण मी दिलं. खरं कारण असं की, दोन वर्षांत कोणी माझ्याकडे हसून पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं.

पेढ्यांनंतरच्या गुरुवारची गोष्ट मला पुढे फार महागात पडली. आरती झाल्यावर आम्ही प्रसाद घेत बसलो होतो. कुठूनतरी गर्भपाताचा विषय निघाला. अशा विषयावर पुरुषमंडळी किती हिरिरीने बोलतात हे सांगायला नको. एक म्हणाला हे पाप आहे, दुसरा म्हणाला कायद्याने चालतं. रोलिंग मिलमध्ये नोकरी करणारे मधुभाऊ हळूच म्हणाले, "ज्या बाईच्या जिवावर बेतलं तिले विचारा ना, आपल्याले काय समजते?" माझ्या मांडीवर पंचपात्र होतं, त्यामुळे मला अधिकार वाटत होता. मी म्हणालो, देव देतो ते परत करणारे आपण कोण? बायकांच्या रांगेत दवाखान्यात नर्स असलेल्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "अन् आपोआप पडलं तर, काका? तसंही लई होते." यावर गप्प बसायला काही हरकत नव्हती. पण मी म्हणालो, "आपोआप काही होत नाही बाई. स्टोअरमधून माल आपोआप जात नसतो. कोणीतरी काहीतरी केलेलं असते."

दोघे-चौघे हसले. प्रीती त्याच रांगेत, माझ्या बायकोशेजारी बसली होती. तिने पदर नीट केला आणि ती प्रसादाच्या द्रोणाकडे पाहत राहिली. मला तेव्हा वाटलं की पोरगी मन लावून ऐकते आहे.

त्यानंतर आठवडाभरात घरात काहीतरी बदललं. मी खोलीत गेलो की बोलणं थांबायचं. माझा मुलगा निखिल कामासाठी कोरब्याला गेला होता. त्याचे फोन दिवसातून सहा वेळा यायचे आणि दार लावून बोलणं व्हायचं. मंगळवारी सासू-सुना समता कॉलोनीत साडीला फॉल लावायला म्हणून गेल्या आणि जाताना हातात साडीच नव्हती. मी जन्मभर रिकाम्या खोक्यांवरून चोर ओळखले आहेत. शिवाय अंबिकापूरच्या नेमणुकीचं पत्र त्याच दिवशी घरी आलं होतं. मी एकाला एक जोडलं आणि जी बेरीज आली तिने मला दोन रात्री झोपू दिलं नाही.

गुरुवारी सकाळी चहा गाळताना मला हळदीच्या बरणीमागे एक पट्टी दिसली. फ्रीजवरचा चष्मा घेतला, नाव वाचलं, चष्मा तिथेच ठेवला आणि पट्टी खिशात घालून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. दुकानदार ओळखीचा. त्याने पट्टी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "भैया, ये तो वो वाली है. गिराने की. आप कहाँ से ले आए?"

त्या क्षणी मला रागापेक्षा एक विचित्र समाधान वाटलं, हे कबूल करायला आज लाज वाटते. माझा संशय खरा निघाला याचं समाधान. घरी जाऊन विचारावं, भांडावं, हे एखाद्या साध्या माणसाने केलं असतं. मी भक्त पडलो. मी ठरवलं की हे प्रकरण थेट वर पाठवायचं. देवळात गेलो, हिशेबाच्या वहीचं एक पान फाडलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : देवा, माझ्या सुनेला सुबुद्धी दे, तिच्या हातून हे पाप होऊ देऊ नको. तो कागद पट्टीभोवती गुंडाळला, हाराच्या दोऱ्याने बांधला, पेटीच्या फटीतून आत सोडला. खाली कागदांवर तो मऊ पडल्याचा आवाज आला. मी डोळे मिटून नमस्कार केला. घरी येऊन दोन वाट्या पोहे खाल्ले, आणि वर शेव मागितली.

दहा वाजले असतील. बायको स्वयंपाकघरात बरण्या सरकवत होती. मग तिने डबे काढले. मग ओटा पुसायचा म्हणून सगळं खाली ठेवलं. मी पेपर वाचत असल्याचं दाखवत होतो. ती दारात येऊन उभी राहिली.

"हळदीच्या बरणीमागं गोळ्या होत्या. तुम्ही पाहिल्या का?"

"कोणत्या गोळ्या?" मी म्हणालो. माझ्या स्टोअरमध्ये असं विचारणारा माणूस नेहमी चोरच निघायचा. तिनेही एका नजरेत ओळखलं.

तिने मला खाटेवर बसवलं आणि स्वतः उभी राहून सांगितलं. दहा दिवसांपूर्वीच्या तपासणीत बाळाचा ठोका लागला नव्हता. तीन दिवसांनी परत पाहिलं, तेव्हाही नाही. गर्भ आत तसाच थांबला होता, आपणहून बाहेर पडत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मंगळवारी एक गोळी समोर बसवून दिली होती. पट्टीतल्या राहिलेल्या आज दुपारी बाराला घ्यायच्या होत्या.

"पण मेडिकलवाला म्हणाला का या गिराच्या..."

"त्याच असतात जी. ठोका असो का नसो, गोळ्या त्याच. गोळ्यांवर लिहून नसते कोणी काहून घेतल्या ते." तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. "पहाटेपासून दुखून राहिलं तिच्या पोटात. डॉक्टरीणबाईनं बजावून सांगितलं, वेळ टाळू नका, अर्धवट राहिलं तर रक्त थांबणार नाही. कुठं ठेवल्या?"

मी सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात बायको माझ्यावर ओरडलेली मला आठवते, रडलेली आठवते. त्या दिवशी ती नुसती पाहत राहिली. ते पाहणं अजून माझ्याच्याने कोणाला सांगवत नाही.

"मले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं. अशा वेळीही माझं डोकं चौकशीच करत होतं.

"तुम्ही सांगितलं ना त्या गुरुवारी. आपोआप काही होत नाही म्हणून. ती म्हणे, बाबा को मत बताना माँ, वो पूछेंगे मैंने क्या किया."

दवाखान्यात फोन लावला. मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत, त्यांच्याशिवाय दुसऱ्या गोळ्या मिळणार नाहीत, चारनंतर बघा, असं उत्तर आलं. मी स्कूटर काढली. समता कॉलोनीत तीन मेडिकल फिरलो. औषधाची चिठ्ठी दवाखान्याच्या फायलीत आणि मी साठी उलटलेला माणूस, कपाळावर टिळा लावलेला, असल्या गोळ्या मागतो आहे. पहिला म्हणाला, "हम रखते ही नहीं." दुसऱ्याने विचारलं, कोणासाठी? मी म्हणालो, सुनेसाठी. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला पहिल्यांदा समजलं, मी लोकांकडे कसं पाहत आलो आहे ते. तिसऱ्याने नुसती मान हलवली. प्रत्येकाला मी काहीतरी लपवतो आहे असं वाटत होतं, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

अकरा वाजले. आता पेटीच. मधुभाऊ उरल्याच्या कारखान्यात कामावर, तिथे फोन गेटवर जमा करून घेतात. ट्रकांच्या धुळीतून तिथे जाऊन यायचं तर एक तरी वाजणार. मी वसंतरावांच्या दाराशी गेलो. दोन वर्षांनंतर मी त्यांचं नाव घेऊन हाक मारली. ते झोपाळ्यावर बसले होते. उठले नाहीत.

"चावी पाहिजे होती," मी म्हणालो. "आत्ता. कारण नाही सांगता येत."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्यात बायकोची. "कारण सांगूच नका," ते म्हणाले. "तुम्ही मले सांगितलं तर दुपारपर्यंत साऱ्या पाऱ्याले समजीन, अन् मग सभेत तुम्हीच म्हणाल का वसंतरावानं फोडलं." खुंटीवरची चावी काढून ते पायांत चपला घालून माझ्याबरोबर निघाले. मला वाटलं, लक्ष ठेवायला येत आहेत. माझं डोकं तेव्हाही हेच सांगत होतं.

देवळात दोन कुलपं निघाली. तिसऱ्यावर मी आधी दगड मारून पाहिला, मग नारळ फोडायचा लोखंडी तुकडा. कुलूप मी स्वतः निवडून आणलं होतं, गोल बाजारातलं सगळ्यात पक्कं. ते जागचं हललं नाही. साडेअकरा होऊन गेले होते. मी मूर्तीकडे पाहिलं. प्रार्थना वगैरे काही सुचली नाही. मी मनात एवढंच म्हणालो की माझं राहू दे, त्या पोरीचं बघ. मागणं म्हणून त्यात काही थाट नव्हता. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं साकडं असावं ज्यात मी देवाला काय करायचं ते सांगितलं नाही.

बाहेर गल्लीत छनछन असा आवाज आला. सायकलच्या दांड्याला चाव्यांचे जुडगे लटकवून एक माणूस चालला होता. डोक्याला गमछा, दाढीचे खुंट पांढरे. कुलपांचा कारागीर. आमच्या गल्लीत असा कोणी येत नाही. मी त्या पाऱ्यात जन्मलो, मी सांगतो. मी हाक मारली तेव्हाही आधी मनात आलं, हा नेमका आत्ता कसा आला? वसंतरावांनी तर बोलावला नाही? की देवळावर नजर ठेवून असलेला कोणी? मूर्तीच्या चांदीच्या पादुकांवर मी नकळत उपरणं टाकलं.

तो आत आला, कुलपाकडे पाहिलं आणि औजार काढायच्या आधी माझ्याकडे वळला. "ताला किसका है, बाबूजी?"

"मंदिर का."

"वो तो दिख रहा है. आपका क्या है इसमें? दो ताले खुले, तीसरा पत्थर से कूटा हुआ है. कमेटी को खबर है?"

संशय घ्यावा तर असा. मी कमेटीचा माणूस आहे हे सिद्ध करायला माझ्याजवळ काहीही नव्हतं, उलट हातात तो लोखंडी तुकडा होता. तेवढ्यात दारातून आवाज आला, "खोल दो भैया. मैं जानता हूँ इनको. आदमी टेढ़ा है, चोर नहीं है."

ते वसंतराव होते. ज्याला मी भर सभेत चोर ठरवलं त्याने माझी हमी घेतली. कारागीर मान डोलावून "हव" म्हणाला, खाली बसला, आणि दोन वाकड्या तारांनी ते पक्कं कुलूप बघता बघता उघडलं. वसंतराव लगेच पाठ फिरवून बाहेर निघाले. "पेटी उघडी असताना मी आत थांबत नसतो," ते म्हणाले आणि पिंपळाच्या पारावर जाऊन बसले.

झाकण उचललं. माझी पुडी वरच होती, हाराच्या दोऱ्यासकट. मी ती खिशात टाकली. इथे मी झाकण लावून पळायला हवं होतं. पण पुडीखाली एक घडी केलेला कागद होता आणि घडीच्या बाहेरच्या बाजूला निळ्या शाईत एक ओळ होती. शब्द मला धूसर दिसत होते, वळण मात्र स्पष्ट ओळखू आलं. आमच्या घरात मिरची, धने, जिरे अशी सगळ्या बरण्यांवर त्याच वळणाची अक्षरं आहेत, वेलांटीला लांब शेपूट असलेली. प्रीतीचं साकडं.

वेळ जात होता, घरी पोरगी कळा सोसत होती, आणि मी तो कागद हातात घेऊन उभा राहिलो. कारण, खरं सांगतो, माझी शंका अजून गेली नव्हती. बायकोने सांगितलं ते खरं कशावरून? अंबिकापूरचं पत्र त्याच दिवशी का यावं? ठोका खरंच थांबला होता, की मला सांगायला तसं ठरवलं होतं? याचं उत्तर या घडीत होतं. देवाशी कोणी खोटं बोलत नाही. मी घडी उघडली. निळ्या ओळींचा नुसता धुरळा दिसला. चष्मा फ्रीजवर होता. कागद लांब धरला, जवळ धरला, दिव्याजवळ नेला. काही नाही. मग मी जे केलं त्याच्याबद्दल मला कोणतीही सबब नाही. औजारं गुंडाळत बसलेल्या त्या माणसापुढे मी कागद धरला. "भैया, पढ़ना आता है? जरा पढ़ दो, क्या लिखा है."

त्याने हात पुसले, कागद घेतला, पहिली ओळ पाहिली आणि परत त्याच घडीवर घडी घातली.

"पढ़ना आता है," तो म्हणाला. "पर ऊपर लिखा है, हे दत्त भगवान. आप वही हैं क्या?"

मी नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्याने कागद पेटीत ठेवला, झाकण लावलं, त्याच तारांनी कुलूप परत बंद केलं. मजुरी घेतली आणि वर चहालाही पैसे मागितले. मी दिले.

घरी पोचलो तेव्हा बाराला थोडा वेळ होता. प्रीती पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती, कपाळावर घाम. मी पुडी तिच्या हातात दिली आणि पाणी आणायला वळलो. परत आलो तेव्हा दोरा सोडलेला होता आणि ती माझा कागद वाचत होती. पट्टीभोवतीचा तो कागद काढायचं मी घाईत विसरलो होतो. माझं अक्षर मोठं आहे, ते कोणालाही बिनचष्म्याने वाचता येतं. तिने तो शेवटपर्यंत वाचला. गोळ्या घेतल्या. मग कागदाची नीट घडी करून माझ्यापुढे धरला.

"ये भगवान का था बाबा," ती म्हणाली. "गलती से मेरे पास आ गया."

त्या दुपारी मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो. आत बायको होती. पाणी तापवणं, कपडे देणं, दवाखान्याला फोन करणं, यापलीकडे माझा काही उपयोग नव्हता आणि त्यातही मी दोनदा दूध उतू घालवलं. आतून प्रीतीचा दाबलेला आवाज येई. एकदा ती रडली. त्या रडण्यात शारीरिक दुखणं किती आणि दुसरं किती हे मला वेगळं काढता येत नव्हतं. मध्ये बायको बाहेर आली, माझ्याजवळ भिंतीला टेकून बसली.

"निखिलच्या आधी आपलं एक गेलं. चौथ्या महिन्यात."

"आठवते मले."

"दवाखान्यातून घरी आणलं तुम्ही रिक्षात. सासूबाई दारात होत्या. तुम्ही तिथंच मले एक विचारलं. आठवते?"

मला आठवत नव्हतं.

"पपई खाल्ली होती का, म्हणून. दुसरं काही नाही विचारलं. दुखते का, पाणी पाहिजे का, काहीच नाही." तिचा आवाज साधाच होता, जणू भाजीचा भाव सांगते आहे. "मी नव्हती खाल्ली जी. पण तुम्ही विचारल्यावर मीच आठवत राहिली वर्षभर. कुठं खाल्ली का, कोण्या लग्नात, कोण्या भाजीत. आजही पपई चिरली का मले ते आठवते."

ती उठून आत गेली. मी त्या खुर्चीवर बसून राहिलो. देवळात बसून गर्भपात पाप की पुण्य यावर मी तासभर बोललो होतो. आणि ज्या बाईचं आपोआप गेलं, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, तिलाही मी आरोपीच केलं होतं. म्हणजे मला फरक कुठे पडत होता? ठोका थांबलेला असो की थांबवलेला, माझा प्रश्न तोच राहिला असता : तू काय केलंस? दुखणारी बाई समोर असताना मी माल कसा गेला एवढंच बघत होतो.

संध्याकाळपर्यंत कळा ओसरल्या. निखिल कोरब्याहून आला, तिला घेऊन दवाखान्यात गेला. मॅडमनी तपासलं आणि सगळं नीट झालं म्हणून सांगितलं. उशीर झाला असता तर काय, हे मी विचारलं नाही. जे विचारायचं नाही ते न विचारण्याची सवय त्या दिवशी पहिल्यांदा लावून घ्यायला सुरुवात केली.

सवय मात्र एका दिवसात जात नाही. पुढच्या आठवड्यात मी गोल बाजारात कुलपांच्या कारागिरांकडे जाऊन त्या गमछेवाल्याची चौकशी केली. ते म्हणाले, सायकलवाले पुष्कळ आहेत, दाढी पांढरी होतच असते. कोणी म्हणालं बिलासपूरकडचा असेल, कोणी म्हणालं असा कोणी नाही. तो देवाने पाठवला होता असं मी म्हणत नाही. देवाने पाठवलेला माणूस चहाचे पैसे मागेल का, याबद्दलही मला शंका आहे. पण चष्मा फ्रीजवर राहिला, कुलूप उघडणारा त्या गल्लीत आला, आणि त्याला वाचता येत असूनही त्याने वाचलं नाही. या तीन गोष्टी एकाच सकाळी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या आणि त्या माणसाची लायकी मला पक्की ठाऊक आहे.

दत्तजयंती झाल्यावर पेटी उघडली, तिघांच्या चाव्यांनी. मधुभाऊंना त्यांच्या कुलपावर दगडाचे वळ दिसले. त्यांनी वसंतरावांकडे पाहिलं, वसंतरावांनी छताकडे. राजिमला संगमावर आम्ही टोपली पाण्यात रिकामी केली. निळ्या शाईचा एक कागद माझ्या हाताजवळून तरंगत गेला. त्या दिवशी चष्मा माझ्या नाकावर होता. मी डोळे मिटले. त्यात भक्ती किती होती ते देव जाणे. स्वतःवर भरवसा नव्हता हे नक्की. कागद भिजला, शाई पाण्यात उतरली, आणि माझ्या सुनेने देवाला काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही. तिचं आपोआप गेलं की कसं, याबद्दल मला बायकोचा शब्द आहे, तेवढा पुरे. आणि दुसरं काही असतं तरी ते तिचं आणि ज्याच्या नावाने कागद होता त्याचं. शरण जाणं म्हणजे काय यावर मी पूर्वी बोलत असे. आता मला त्याचा एकच अर्थ कळतो. जी चौकशी आपली नाही ती सोडून द्यायची आणि पाणी तापवायला ठेवायचं. एवढं शिकवायला देवाला माझ्यासाठी केवढी धावपळ करावी लागली, याबद्दल मी त्याचा आणि माझ्या घरातल्या दोन्ही बायकांचा ऋणी आहे.

प्रीती आता अंबिकापूरला असते. सुट्टीत आली तेव्हा माझं हे सगळं लिहून झालं होतं. तिला विचारल्याशिवाय कुठे पाठवायचं नाही असं ठरवलं होतं. ती अंगणात तिवऱ्याची भाजी निवडत बसली होती. मी समोर बसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. वसंतरावांच्या जागी ती हसली, पपईच्या जागी तिचे हात थांबले. वाचून झाल्यावर मी भीत भीत विचारलं, हा माझा आध्यात्मिक अनुभव छापायला दिला तर चालेल का?

तिने निवडलेली भाजी सुपात सारली. "भेज दीजिए," ती म्हणाली. "नाम मत डालिएगा. और बाबा, अनुभव तो मुझे हुआ था. आप तो खाली बीच में आ गए थे."